हाफकिन साहेबांचे चरित्र

मुंबईस परळ भागात हाफकिन इन्स्टिट्यूट नावाची एक जुनी व प्रसिद्ध संस्था आहे. तिचे नाव आमच्या पुष्कळ वाचकांच्या कानांवरून गेले असेल. परंतु ज्या गृहस्थांवरून तिला हे नाव मिळाले ते कोण व कोठले होते, त्यांनी या देशातील लोकांसाठी काय केले, आणि त्यापायी त्यांना काय सोसावे लागले, हे खेड्यापाड्यांत फार थोड्यांस ठाऊक आहे. अलीकडे क्षयरोगावर नव्या लसी निघत आहेत. त्या निर्धोक आहेत की नाहीत, आणि त्यांच्या योगाने शरीरात रोगाशी झुंजण्याचे बळ उत्पन्न होते की नाही, हे ठरविण्यासाठी माणसांवर परीक्षा चालू आहेत. अशा परीक्षेस आपण तयार व्हावे की नाही, असा प्रश्न खेड्यातील मनुष्यापुढे कोणत्याही दिवशी उभा राहील. त्याचे उत्तर केवळ हो किंवा नाही एवढेच देऊन चालत नाही. त्यामागील इतिहास माहीत असावा लागतो. तो इतिहास आपल्या या प्रांतापुरता ज्या पुरुषापासून सुरू झाला, त्याचे चरित्र आम्ही आज सादर करीत आहो.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियाच्या राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. त्या काळी त्या राज्यात यहुदी लोकांचे जिणे कठीण होते. १८८१ साली झारचा वध झाल्यानंतर ठिकठिकाणी यहुद्यांच्या वस्त्यांवर दंगेखोरांच्या टोळ्या तुटून पडू लागल्या. तेव्हा तरुण हाफकिन आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभे राहिले. त्यात ते जखमी झाले व पकडलेही गेले. ओडेसाच्या विद्यापीठात प्राणिशास्त्राचे अध्यापक मेचनिकॉफ हे त्यांचे गुरू होते. गुरूंचा त्यांच्यावर लोभ होता आणि शिष्याची बुद्धीही मोठी होती. पण शिक्षण पुरे झाल्यावर वरची जागा मिळावी, तर आपला धर्म सोडून राज्याच्या मंडळीत सामील व्हावे लागणार, अशी अट आली. नोकरीसाठी धर्म बदलण्यास त्यांनी साफ नकार दिला, आणि त्यामुळे बढतीची वाट बंद झाली. आमच्या वाचकांस हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पोटासाठी श्रद्धा विकणे आणि श्रद्धेसाठी पोटाला चिमटा घेणे, यांतील अंतर त्यांना कोणी समजावून सांगावयास नको.

१८८८ साली त्यांनी मायदेश सोडला. प्रथम स्वित्झर्लंडात जिनिव्हा येथे काही काळ काढून ते पॅरिसला पाश्चर साहेबांच्या संस्थेत आले. मेचनिकॉफ तेथे अगोदरच गेले होते. तेथे रिकामी जागा होती ती ग्रंथालयात दुय्यम कामगाराची. तीच त्यांनी पत्करली. दिवसा पुस्तके सांभाळावी आणि उरलेल्या वेळी जंतूंचा अभ्यास करावा, असा त्यांचा क्रम चालला.

त्या वेळी युरोपात पटकीचे भय पसरले होते. पटकी म्हणजे जिला आपल्याकडे महामारी किंवा जरीमरी म्हणतात तीच. तिचा जंतू कॉख साहेबांनी १८८३-८४ च्या सुमारास शोधून काढला होता. पण त्यापासून बचाव कसा करावा हे कोणास साधले नव्हते. हाफकिन साहेबांनी एका रीतीने जंतूंचा जोर कमी केला व दुसऱ्या रीतीने तो वाढविला. आधी दुबळ्या जंतूंची लस टोचावी, आणि शरीर तिला सरावले म्हणजे काही दिवसांनी जोरकस जंतूंची टोचावी, अशी त्यांची युक्ती होती. सशांवर व गिनीपिगांवर ती यशस्वी झाली. परंतु प्राण्याला जे सोसते ते माणसाला सोसेलच असे नाही. मग पहिला मनुष्य कोण? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी दुखले, आणि काही दिवसांत ते बरे झाले. त्यानंतरच त्यांनी आपल्या मित्रांस टोचले.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. स्वतःला टोचून घेतल्याने लस निर्धोक आहे एवढे काहीसे कळते. ती रोगाला अडविते की नाही हे मुळीच कळत नाही. ते कळावयाचे तर जेथे रोग खरोखर आहे तेथे जावे लागते, आणि टोचलेले व न टोचलेले यांची तुलना करावी लागते. म्हणून १८९३ साली ते हिंदुस्थानात आले. उत्तरेकडील छावण्या, तुरुंग आणि चहाचे मळे त्यांनी पालथे घातले. दोन वर्षांत बेचाळीस हजारांवर लोकांस त्यांनी टोचले. १८९४ साली कलकत्त्याच्या एका गरीब वस्तीत पटकी उद्भवली, तेव्हा तेथील सुमारे दोनशे लोकांपैकी ११६ जणांनी लस घेतली. पुढे त्या वस्तीत जे आजारी पडले ते न टोचलेल्यांपैकीच होते. कित्येक ठिकाणी लोक प्रथम संतापून आले, व परका मनुष्य सुई घेऊन का फिरतो असा संशय त्यांना येई. अशा वेळी हाफकिन साहेब शिपाई बोलावीत नसत. आधी डॉक्टर मंडळींनी लोकांसमक्ष टोचून घ्यावे, आणि मग ज्याला वाटेल त्याने पुढे यावे, अशी त्यांची पद्धत होती.

अतिश्रमाने व हिवतापाने प्रकृती ढासळल्यामुळे १८९५ साली ते विलायतेस गेले. परत आले तो मुंबईवर मोठे संकट कोसळले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे रोगी ओळखले. हाच ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग. लोक मुंबई सोडून पळू लागले, आणि त्यांच्याबरोबर रोगही रेल्वेच्या वाटेने पुण्यास व तेथून गावोगाव पसरला. सरकारने हाफकिन साहेबांस मुंबईस पाठविले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली व लगतची पडवी मिळाली. हाताखाली एक कारकून आणि तीन-चार शिपाई, एवढाच काय तो सरंजाम. तेथे ते रात्रंदिवस कामास लागले.

लस कशी केली हे थोडक्यात सांगतो, कारण त्यात त्यांच्या स्वभावाचे एक चिन्ह दिसते. जंतू वाढविण्यासाठी मांसाचा रस लागतो. युरोपात तो गाईच्या मांसाचा करीत. येथे हिंदूंस गाय आणि मुसलमानांस डुक्कर निषिद्ध आहे हे जाणून त्यांनी बकऱ्याच्या मांसाचा रस योजिला. त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, म्हणजे त्या थेंबांना धरून जंतूंचे झुबके खाली लोंबू लागत. काही आठवड्यांनी हे सर्व सुमारे एक तासभर तापवून जंतू मारून टाकीत, आणि कुजू नये म्हणून त्यात कार्बोलिक आम्ल घालीत. अशी ही मेलेल्या जंतूंची लस होती. मेलेला जंतू रोग करू शकत नाही. पण शरीर त्याला ओळखून ठेवते आणि पुढे जिवंत जंतू आला म्हणजे त्याच्याशी झगडण्यास सज्ज राहते.

सुमारे तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी एका सहकाऱ्याकडून ती स्वतःस टोचून घेतली, आणि तीही १० घन सेंटीमीटर. सामान्य लोकांसाठी पुढे जी मात्रा ठरली तिच्या ती सुमारे तिप्पट-चौपट होती. मोठा ताप चढला व अंग ठणकू लागले. तरी आपण चालता-बोलता राहू शकतो हे त्यांनी पाहून घेतले. नंतर डॉक्टर व प्रतिष्ठित नागरिक पुढे आले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकी जे स्वखुशीने तयार झाले अशा सुमारे दीडशे जणांस ३० जानेवारी रोजी टोचण्यात आले. त्याहून काहीसे अधिक तसेच राहिले. अन्न, पाणी, कोठड्या व कामधाम दोघांचेही सारखेच होते. न टोचलेल्यांत पुढे १२ जण आजारी पडून ६ दगावले. टोचलेल्यांत २ आजारी झाले व कोणीही मेले नाही. आकडे लहान होते, पण तुलना सरळ होती. तुरुंगातील मनुष्याची खुशी कितपत खरी मानावी, ही शंका आज विचारी माणसांच्या मनात येते, आणि ती योग्यच आहे. कैद्यांसारख्या पराधीन लोकांवर परीक्षा करण्यास हल्ली विशेष निर्बंध आहेत ते याच कारणाने.

याहून चांगली कसोटी १८९८ साली बडोद्याजवळील उंढेरा नावाच्या गावी झाली. तेथे प्लेग चालू होता. गावचे लोक कुटुंबवार बोलावून प्रत्येक घरातील सुमारे निम्म्या माणसांस टोचले आणि निम्म्यांस तसेच ठेवले. म्हणजे एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारी माणसे, पण काहींस लस आणि काहींस नाही. पुढे ज्या घरांत रोग शिरला त्यांत न टोचलेले २७ जण आजारी पडून २६ मेले. टोचलेले ८ जण आजारी पडून ३ मेले. या आकड्यांत दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. एक, लस खरोखर उपयोगी होती. दुसरी, ती पुरती खात्रीची नव्हती. टोचलेल्यांपैकीही माणसे गेली. हाफकिन साहेबांनी ही दुसरी गोष्ट लपविली नाही. आपली लस धोका कमी करते, नाहीसा करीत नाही, हे ते मान्य करीत. औषध विकणारा मनुष्य आणि औषधाची परीक्षा करणारा मनुष्य यांतील भेद येथे दिसतो. विकणारा फक्त वाचलेल्यांची नावे सांगतो. परीक्षक मेलेल्यांचीही मोजतो.

या दिवसांत आपल्या पुणे जिल्ह्यावर काय प्रसंग गुदरला ते वृद्धांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींत अजून शिल्लक आहे. गावे ओस पडत, लोक रानात झोपड्या घालून राहत, आणि घरात उंदीर मेलेला दिसला की काळजात धस्स होई. पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी हडपसरच्या बाजूस रोग्यांची शुश्रूषा केली, आणि त्यातच त्यांना प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या मृत्यू पावल्या. रँड साहेबांच्या अमलाखाली गोऱ्या शिपायांकडून घरोघर झडत्या झाल्या व माणसे बळेच छावण्यांत नेण्यात आली. त्या छावण्यांत व इस्पितळांत स्त्रियांची जी हेळसांड होई तिजविरुद्ध पंडिता रमाबाईंनी १८९७ साली उघडपणे आवाज उठविला. त्यांचे कार्य पुण्याहून केडगावी येऊन वाढले त्यालाही प्लेगचे दिवस एक कारण झाले. आणि केडगाव तर आपल्या खुटबावच्या लगतचेच स्टेशन आहे. लोकांच्या मनातील संताप इतका विकोपास गेला की २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँड साहेबांवर गोळ्या झाडल्या.

अशा वातावरणात सरकारी माणसाने हातात सुई घेऊन येणे म्हणजे लोकांस दुसरी झडतीच वाटे. लसीने माणूस मरतो, लसीत निषिद्ध पदार्थ आहेत, लसीने वंश बुडतो, अशा नाना वार्ता उठल्या. लस टोचून घेणे मात्र कायद्याने सक्तीचे नव्हते, आणि त्यामुळेच ज्या ज्या ठिकाणी आपल्यातील एखादा वजनदार मनुष्य प्रथम पुढे झाला त्या त्या ठिकाणी ती चालली. खोजा मंडळींचे पुढारी आगाखान यांनी लोकांदेखत टोचून घेतले आणि हाफकिन साहेबांच्या कामासाठी आपला खुश्रू लॉज नावाचा बंगलाही दिला. त्या समाजातील हजारोंनी मग लस घेतली. धारवाड व हुबळी या भागांत तर गावेच्या गावे पुढे आली. बळजबरीने जे साधले नाही ते विश्वासाने साधले.

काम इतके वाढले की १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा उघडण्यात आली. हाफकिन साहेब तिचे मुख्य झाले. तेथून लसीच्या बाटल्या देशभर व देशाबाहेरही जाऊ लागल्या. मान मिळाला, पदवी मिळाली, नाव झाले. त्यानंतर जे घडले त्याने हे सर्व एका दिवसात पुसले गेले.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल नावाच्या खेड्यात १०७ लोकांस लस टोचण्यात आली. काही दिवसांनी त्यांपैकी १९ जणांस धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. या एकोणिसांसही एकाच बाटलीतील लस दिली होती. त्या दिवशी इतर बाटल्यांतील लस ज्यांना मिळाली ते सुखरूप राहिले. तेव्हा त्या एका बाटलीत धनुर्वाताचा जंतू शिरला होता हे उघड झाले. प्रश्न एवढाच होता की तो कोठे शिरला? परळास बाटली भरताना, की मुलकोवालास ती उघडताना?

सरकारने चौकशी समिती नेमली. थोड्याच काळापूर्वी परळास लस तयार करण्याच्या रीतीत बदल करून कार्बोलिक आम्ल गाळण्यात आले होते, व केवळ उष्णतेवर भिस्त ठेविली होती. त्यावर बोट ठेवून समितीने दोष प्रयोगशाळेकडे असावा असे ठरविले. हाफकिन साहेब जागेवरून दूर झाले व विलायतेस गेले. ज्याने या देशासाठी दोनदा स्वतःच्या अंगात विषाची परीक्षा घेतली, त्यास एकोणीस माणसांच्या मृत्यूचे निमित्त म्हणून लोक पाहू लागले. त्या मृतांच्या घरच्या माणसांचे दुःख लहान नव्हते, हे आम्ही विसरत नाही. त्या घरांस खरे काय झाले ते कळणे हा त्यांचा हक्कच होता. आणि म्हणूनच खोटा किंवा घाईचा निवाडा त्यांच्यावरही अन्याय करणारा होता.

हाफकिन साहेबांनी पळ काढला नाही व आदळआपटही केली नाही. त्यांनी पुरावा मागितला व तो पडताळला. साक्षीत असे आले होते की, बाटली उघडण्याच्या वेळी हाताखालच्या मनुष्याच्या हातून चिमटा जमिनीवर पडला, आणि तो नीट शुद्ध न करताच त्याने बाटलीचे बूच काढले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. शिवाय बाटली उघडली तेव्हा तिला घाण येत नव्हती. जर जंतू परळासच शिरले असते, तर मधल्या आठवड्यांत ते वाढून बाटलीस दुर्गंधी सुटली असती. लंडनच्या लिस्टर संस्थेतील जाणत्यांनीही हेच मत दिले. हिवतापाचा प्रसार डासांमुळे होतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस साहेब यांनी हे प्रकरण हाती घेतले, आणि जुलै १९०७ मध्ये नामांकित शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र लंडनच्या टाइम्स पत्रात छापून आले. अखेर त्याच वर्षी सरकारने त्यांना निर्दोष मानून पुन्हा नोकरी देऊ केली. पाच वर्षे गेली होती.

ते कलकत्त्यास परत आले. परंतु पूर्वीसारखे गावोगाव जाऊन नव्या लसींची परीक्षा करण्याची मुभा त्यांना उरली नव्हती. प्रयोगशाळेच्या भिंतींआड त्यांनी उरलेली वर्षे काढली व १९१४-१५ च्या सुमारास निवृत्त होऊन युरोपास गेले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. १८९७ पासून तोपर्यंत तेथून लसीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर पडल्या होत्या. त्यांनी विवाह केला नाही. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडात लोझान येथे त्यांचा अंत झाला. आपली मिळकत त्यांनी यहुदी मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली.

ज्या वर्षी ते वारले त्याच वर्षी जर्मनीतील ल्यूबेक शहरी मुलकोवालसारखाच, पण त्याहून भयंकर प्रकार घडला, आणि तो क्षयाच्या लसीबाबत होता. क्षयावर काल्मेट आणि गेरँ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ पासून तेरा वर्षे खपून एक दुबळा जंतू तयार केला होता. तीच आज सर्वांस ठाऊक असलेली बी. सी. जी. लस. १९२१ साली ती पॅरिसमध्ये प्रथम एका अर्भकास देण्यात आली. ल्यूबेकमध्ये १९३० साली सुमारे अडीचशे अर्भकांस ती पाजण्यात आली आणि त्यांपैकी सत्तरांहून अधिक दगावली. चौकशीअंती असे दिसून आले की, त्या गावच्या प्रयोगशाळेत दुबळ्या जंतूंत क्षयाचे खरे, जोरकस जंतू मिसळले होते. लस वाईट नव्हती. निष्काळजीपणा वाईट होता. मुलकोवाल व ल्यूबेक या दोन्ही ठिकाणी धडा एकच आहे. लसीचा शोध लागला म्हणजे काम संपले नाही. प्रत्येक खेप, प्रत्येक बाटली आणि प्रत्येक चिमटा तपासला पाहिजे.

आपल्या देशात बी. सी. जी. टोचणे १९४८ साली सुरू झाले. लहान मुलांस होणाऱ्या मेंदूच्या व इतर भयंकर क्षयापासून ती बरेच रक्षण करते. परंतु मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयाचे काय, हे पाहण्यासाठी तामिळनाडूतील चिंगलपट भागात १९६८ पासून अडीच लाखांहून अधिक लोकांवर परीक्षा झाली, आणि तेथे मोठ्यांस तिचा उपयोग दिसून आला नाही. हे उत्तर कोणासही आवडणारे नव्हते. तरी ते छापले गेले. त्यामुळेच नव्या लसीची गरज आहे हे जगास कळले.

आता नव्या लसींचा शोध चालू आहे. त्यांपैकी एक लस बी. सी. जी. च्याच जंतूत फेरबदल करून जर्मनीत निर्माण झाली व पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती तयार केली. खुटबावहून गाडीने पुण्यास जाताना वाटेत मांजरी लागते, तेथे या संस्थेचा मोठा कारखाना आहे. २०१९ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने ही लस आणि दुसरी एक अशा दोन लसींची परीक्षा सुमारे १२,००० लोकांवर आरंभिली. ज्यांच्या घरात थुंकीतून जंतू पडणारा क्षयरोगी आहे अशी घरची निरोगी माणसे त्यात घेतली. त्यांचे तीन भाग केले; दोन भागांस एकेक लस आणि तिसऱ्यास लस नसलेले इंजेक्शन. कोणाला काय मिळाले हे ना टोचणाऱ्यास ठाऊक, ना टोचून घेणाऱ्यास. उंढेऱ्याच्या त्या घरांतील तुलनाच ही, पण अधिक कसोशीने केलेली.

पूर्वी हाफकिन साहेब ताप किती चढला व टोचल्या जागी किती सुजले यांवरून मात्रा ठरवीत. हल्ली प्रथम थोड्या निरोगी लोकांस लस देऊन ती निर्धोक आहे का ते पाहतात. मग अधिक लोकांचे रक्त काढून लसीने शरीरातील रक्षक पेशी व द्रव्ये जागी झाली का ते तपासतात. आणि शेवटी हजारोंवर तुलना करतात. क्षयाच्या बाबतीत ही शेवटची पायरी टाळता येत नाही. कारण अमुक इतके बळ रक्तात दिसले म्हणजे क्षय होणार नाही, असे सांगणारे खात्रीचे चिन्ह सापडलेले नाही. क्षय सावकाश येणारा रोग आहे. म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते.

अशा परीक्षा केवळ मोठ्या शहरांतच होतात असेही नाही. शेजारच्या शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्यकेंद्र आहे. मुलांच्या जुलाबावरील रोटाव्हायरस लसीची जी परीक्षा २०११ साली दिल्ली, वेल्लोर व पुणे या तीन ठिकाणी सुरू झाली, तीत आपल्या जिल्ह्यातील खेड्यांतली तान्ही मुले होती. एकंदर ६,७९९ मुलांवर ती परीक्षा झाली, आणि तीत कसोटीस उतरलेली लस पुढे देशभरातील मुलांस देण्यात येऊ लागली. म्हणजे खेड्यातील आयांनी दाखविलेल्या विश्वासाचे फळ साऱ्या देशास मिळाले.

विश्वास दाखवावा, पण डोळे उघडे ठेवून. २०१९ च्या नियमांप्रमाणे परीक्षेत भाग घेणाऱ्यास सर्व गोष्टी त्याला समजेल अशा भाषेत सांगितल्या पाहिजेत, आणि त्याची लेखी संमती घेतली पाहिजे. ज्याला वाचता येत नाही त्याच्या बाजूने एक निःपक्षपाती साक्षीदार हजर असला पाहिजे. नाही म्हणण्याचा, आणि मध्येच सोडून जाण्याचाही, त्याला पूर्ण अधिकार आहे. परीक्षेमुळे इजा झाली तर औषधोपचार व भरपाई मिळाली पाहिजे. गावातील शिक्षक, उपदेशक व वाचता येणारी माणसे यांनी शेजाऱ्याबरोबर बसून तो कागद आधी वाचून दाखवावा, आणि लस कशाची आहे, आधी कोणावर तपासली, त्रास झाल्यास कोणाकडे जावे, हे प्रश्न विचारण्यास त्याला धीर द्यावा. असे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. हाफकिन साहेबांवरील कलंक धुऊन निघाला तो कोणी चिकाटीने प्रश्न विचारले म्हणूनच.

प्लेग आपल्या गावांतून गेला. क्षय अजून गेलेला नाही. ज्याला दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे, ज्याला संध्याकाळी ताप येतो व ज्याचे वजन घटत आहे, त्याने नव्या लसीची वाट पाहत बसू नये. त्याने सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. तेथे तपासणी व औषध दोन्ही मोफत आहेत, आणि औषध पुरे घेतले तर बहुतेक रोगी बरे होतात. लस येईल तेव्हा येईल. ती आली म्हणजे तिच्यामागे कोणीतरी प्रथम आपला दंड पुढे केलेला असेल, कोणीतरी मेलेल्यांची संख्या न लपविता मोजलेली असेल, आणि कोणत्यातरी खेड्यातील घराने विचारपूर्वक हो म्हटलेले असेल. परळच्या त्या इमारतीवरील नाव वाचताना या तिन्ही प्रकारच्या माणसांची आठवण ठेवावी.